स्टील फायबर टाकलं की काँक्रीटला तडे जात नाहीत? त्याचं खरं काम तर तडा गेल्यावर सुरू होतं

एखाद्या मोठ्या गोदामाच्या फरशीचं काम चालू असेल, तर तिथे एक वेगळंच दृश्य बघायला मिळतं. रेडीमिक्सची गाडी उभी असते, ड्रम गरागरा फिरत असतो आणि एक कामगार वर चढून त्यात पिशव्या रिकाम्या करत असतो. पिशवीत सिमेंट नसतं की वाळू नसते. असतात त्या बोटभर लांबीच्या, दोन्ही टोकांना वाकवलेल्या बारीक तारा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पोतंभर स्टेपलरच्या पिना काँक्रीटमध्ये ओततंय.

हेच ते स्टील फायबर.

ते कशासाठी टाकतात, असं साइटवर विचारलं तर एका ओळीत उत्तर मिळतं, "तडे जाऊ नयेत म्हणून." हे उत्तर अर्धंच खरं आहे. नेहमीच्या प्रमाणात टाकलेलं स्टील फायबर पहिला तडा फारसा थांबवत नाही. तडा गेल्यावर पुढे काय होणार, हे मात्र तेच ठरवतं. आणि काँक्रीट जितकं जास्त ताकदीचं, तितका हा फरक महागात पडू शकतो.

पण आधी मुळात काँक्रीटला तडे का जातात, ते बघू.

काँक्रीट दाबाला वाघ आहे आणि ताणाला शेळी. वरून कितीही वजन ठेवा, ते सहन करतं. पण दोन्ही बाजूंनी ओढलं किंवा वाकवलं की लगेच चिरतं. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या भागाइतकी, कधी त्याहूनही कमी असते. म्हणून तर आपण बीममध्ये, स्लॅबमध्ये सळया टाकतो. दाब काँक्रीटनं घ्यायचा, ताण सळईनं घ्यायचा, अशी ही वाटणी आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ जास्त ताकदीचं काँक्रीट वापरावं, तडे आपोआप कमी होतील.

इथेच गडबड आहे.

काँक्रीटची ताकद 'एम' या अक्षरानं सांगतात. एम २५ म्हणजे १५० मिलिमीटरचा घन २८ दिवसांनी दाबून बघितला, तर दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसायला हवा. हिशोब केला तर तेवढ्या छोट्या ठोकळ्यावर जवळपास ५७ टन भार होतो. आपली नेहमीची घरं एम २० किंवा एम २५ मध्ये उभी राहतात. साधारण एम ६० च्या पुढे गेलं की त्याला उच्च ताकदीचं काँक्रीट म्हणायला लागतात. मुंबईतल्या जे. जे. उड्डाणपुलासाठी एम ७५ वापरलं होतं. उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांचे कॉलमही असल्याच काँक्रीटचे असतात, नाहीतर ते खोलीएवढे जाड करावे लागले असते.

पण दाबाची ताकद वाढली म्हणून ताणाची ताकद त्याच वेगानं वाढत नाही. आपल्या आयएस ४५६ या मानकात वाकवताना काँक्रीट कधी चिरेल याचा अंदाज देणारं एक साधं सूत्र आहे : दाबाच्या ताकदीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ०.७ नं गुणायचं. एम २५ ला उत्तर येतं ३.५. हेच गणित एम १०० ला लावलं तर येतं ७. म्हणजे दाबाची ताकद चौपट झाली, पण चिरण्याआधी सोसायची ताकद फक्त दुप्पट. सूत्र नेहमीच्या काँक्रीटसाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे एम १०० चा आकडा अगदी तंतोतंत धरू नका. कल मात्र हाच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. साध्या काँक्रीटमध्ये तडा जातो तेव्हा तो खडीला वळसा घालून जातो. कारण खडी आणि सिमेंट जिथे चिकटलेले असतात तो थर सगळ्यात कच्चा असतो. तडा नागमोडी फिरतो, दोन्ही बाजू एकमेकींत अडकतात आणि थोडा अवधी मिळतो. जास्त ताकदीच्या काँक्रीटमध्ये पाणी कमी, सिमेंट जास्त आणि वर सिलिका फ्यूमसारखी अतिबारीक पूड. त्यामुळे तो कच्चा थरही घट्ट होतो. मग तड्याला वळसा घालायची गरजच उरत नाही, तो सरळ खडी कापत आरपार जातो. लॅबमध्ये एम ८० चा घन दाबून फोडतात तेव्हा बंदुकीसारखा आवाज येतो आणि तुकडे उडतात. मशीनपुढे जाळी लावतात ती उगाच नाही.

थोडक्यात, काँक्रीट जितकं मजबूत तितकं ते काचेच्या जवळ जातं. तुटेपर्यंत काही सांगत नाही, आणि तुटलं की एकदम तुटतं.

त्यात भर म्हणून असं काँक्रीट आतूनच आकसतं. पाणी इतकं कमी असतं की सिमेंट घट्ट होताना आतल्या बारीक छिद्रांमधलं पाणीच ओढून घेतं. वरून पाणी मारलं तरी ते फार आत शिरत नाही, कारण काँक्रीट दाट असतं. आकसायला जागा मिळाली नाही की ताण, आणि ताण आला की बारीक भेगा. ओझं यायच्या आधीच.

मग तारा काय करतात?

काँक्रीटला भेग पडली आणि तिच्या दोन्ही काठांत एक तार रुतलेली असेल, तर ती तार पुलासारखं काम करते. भेग उघडायला बघते, तार तिला धरून ठेवते. सळईसुद्धा हेच करते, पण सळया एकमेकींपासून १०० ते २०० मिलिमीटरवर आणि पृष्ठभागापासून थोड्या आत असतात. तारा मात्र सगळीकडे असतात. अगदी कोपऱ्यात आणि कडेलासुद्धा, जिथे सळई कधी पोहोचत नाही.

किती तारा असतात, हे आकड्यात बघितलं की अंदाज येतो. बाजारात सर्रास मिळणारी तार ६० मिलिमीटर लांब आणि ०.७५ मिलिमीटर जाड असते. अशा एका किलोत साधारण ४,८०० तारा भरतात. एका घनमीटर काँक्रीटमध्ये ४० किलो टाकल्या, तर तारांची संख्या होते १ लाख ९० हजारांच्या आसपास. सगळ्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर साडेअकरा किलोमीटर लांबी भरेल. आणि तरीही त्या काँक्रीटच्या आकारमानाचा फक्त अर्धा टक्का जागा घेतात.

अर्धा टक्का. म्हणूनच पहिला तडा पडेपर्यंत त्यांना फार काही करता येत नाही. तोवर सगळा भार काँक्रीटच उचलत असतं, तारा नुसत्या बसून असतात. तडा पडला की त्यांची पाळी येते.

गंमत म्हणजे ज्यांनी आधुनिक काळात या विषयाला शास्त्राचा पाया दिला, त्यांना नेमकी उलटी अपेक्षा होती. १९६३ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूटमधल्या जेम्स रोमुआल्दी आणि गॉर्डन बॅट्सन यांनी मांडलं की तारा पुरेशा जवळजवळ असतील तर तड्याला वाढूच देणार नाहीत आणि काँक्रीटची चिरण्याआधीची ताकदच वाढेल. पुढच्या प्रयोगांत कळलं की नेहमीच्या प्रमाणात ती वाढ किरकोळ असते. खरा फायदा निघाला तो तड्यानंतरचा, म्हणजे काँक्रीटला आलेला चिवटपणा.

कल्पना तशी नवी नव्हतीच. मातीच्या विटांत, भिंतींत, गिलाव्यात भुसा नाहीतर भाताचं काड मिसळायचं, हे आपल्या गावागावांत पिढ्यानपिढ्या चालत आलंय. काड असलं की सुकताना माती फाटत नाही आणि फाटली तरी ढेकळं सुटून पडत नाहीत. काँक्रीटमध्ये लोखंडाचे तुकडे टाकण्याचं एक पेटंट तर अमेरिकेत १८७४ सालीच निघालं होतं.

तार तुटली नाही पाहिजे, ती सुटली पाहिजे

हा या सगळ्यातला सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग आहे. आणि उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये याच ठिकाणी पैसे वाया जातात.

आपल्याला वाटतं, तार काँक्रीटला जितकी घट्ट चिकटेल तितकं चांगलं. प्रत्यक्षात तसं नाही. भेग उघडताना तारेचं वाकडं टोक काँक्रीटच्या आत हळूहळू सरळ होत, घासत, ओढलं जाऊन बाहेर यायला हवं. भिंतीतला खिळा पकडीनं उपसताना जशी दमछाक होते, तशी भेगेची दमछाक इथे प्रत्येक तारेपाशी होते. ऊर्जा त्यात खर्च होते. तार कटकन तुटली तर हे काहीच घडत नाही. भेग आरपार जाते आणि काँक्रीट पुन्हा काचेसारखं वागतं.

साध्या काँक्रीटमध्ये ही अडचण येत नाही. ०.७५ मिलिमीटरची नेहमीची तार साधारण ५० किलो ओढ सोसते आणि एम ३० सारखं काँक्रीट तिला तेवढ्या ओढीच्या आधीच सोडून देतं. पण एम ८० च्या काँक्रीटची पकड इतकी घट्ट असते की टोक सरळ होण्याआधी तारच तुटू शकते. म्हणून तिथे जास्त कडक पोलादाची तार लागते. साधी तार दर चौरस मिलिमीटरला हजार-अकराशे न्यूटनच्या घरातली असते, उच्च ताकदीच्या काँक्रीटसाठी दीड हजार ते दोन हजारांच्या पुढची घेतात. तीच जाडी, तीच लांबी, दिसायला हुबेहूब सारखी. फरक डोळ्यांना दिसत नाही, तो फक्त पिशवीसोबतच्या कागदावर आणि चाचणीत दिसतो.

चाचणी सोपी आहे. युरोपियन मानक ईएन १४६५१ प्रमाणे १५० बाय १५० मिलिमीटर आणि साधारण ५५० मिलिमीटर लांबीची तुळई घेतात. मधोमध खालून २५ मिलिमीटर खाच पाडतात, म्हणजे तडा कुठे जाणार हे आधीच पक्कं. मग वरून दाबत जायचं आणि खाच किती उघडते ते मोजत राहायचं. फायबर नसलेली तुळई एका क्षणात दोन तुकडे होऊन खाली पडते. फायबरवाली तडकते, पण भार धरून राहते. खाच अर्धा मिलिमीटर उघडली तेव्हा किती भार होता आणि अडीच मिलिमीटर उघडली तेव्हा किती, हे दोन आकडे डिझाइन करणाऱ्या इंजिनीअरच्या कामाचे. एखादा विक्रेता फक्त दाबाची ताकद किती वाढली ते सांगत असेल, तर तो चुकीचा आकडा दाखवतोय. फायबरनं दाबाची ताकद फारशी वाढत नाही.

एक मोठी भेग की तीन छोट्या?

समजा भेग पडलीच. मग ती बारीक राहिली तर एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो. भेगेतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. रुंदी तिप्पट झाली तर पाणी तिप्पट नाही, सत्तावीसपट. म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या एका भेगेऐवजी ०.१ मिलिमीटरच्या तीन भेगा पडल्या, तर एकूण उघडलेली जागा तेवढीच, पण शिरणारं पाणी साधारण नवव्या हिश्शावर येतं. पाणी आणि त्यासोबतचं मीठ सळईपर्यंत पोहोचलं की गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटचे पोपडे पाडतं. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली हे कुणीही बघू शकतं.

म्हणून आयएस ४५६ भेगांच्या रुंदीला मर्यादा घालतं. साधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटर, सतत ओल किंवा माती-पाण्याशी संबंध असेल तर ०.२ आणि वातावरण फारच वाईट असेल तर ०.१. भेग नकोच, असं मानकही म्हणत नाही. ती आवाक्यात ठेवा, एवढंच म्हणतं.

एका मोठ्या भेगेच्या अनेक बारीक भेगा व्हायला अर्ध्या टक्क्याच्या तारा एकट्या मात्र पुरत नाहीत. त्यांच्या जोडीला सळई लागते, किंवा गोदामाच्या फरशीसारखा खालून जमिनीचा आधार लागतो. सळई भेगा वाटून देते आणि तारा प्रत्येक भेग अरुंद ठेवतात. ही जोडी उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये सगळ्यात चांगली चालते.

तारांनी एकट्यानं हे काम करायचं असेल तर प्रमाण खूप वाढवावं लागतं. अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये, ज्याला यूएचपीसी म्हणतात, साधारण दोन टक्के फायबर असतं, म्हणजे घनमीटरला १५७ किलो. तारा १३ मिलिमीटर लांब आणि फक्त ०.२ मिलिमीटर जाड. एका घनमीटरमध्ये त्यांची संख्या जवळपास ४ कोटी ९० लाख होते! यात खडी वापरतच नाहीत. १९९७ मध्ये कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या शेरब्रुक शहरात या जातीच्या काँक्रीटचा ६० मीटरचा पादचारी पूल उभा राहिला. त्याचा वरचा स्लॅब फक्त ३० मिलिमीटर जाड आहे आणि त्यात नेहमीच्या सळया नाहीत. ताण दिलेल्या केबल मात्र आहेत.

भारतात हे फायबर मुख्यतः गोदामं आणि कारखान्यांच्या फरश्या, बोगद्यात खडकावर फवारायचं काँक्रीट आणि रस्ते यांत दिसतं. काँक्रीटच्या रस्त्यांत फायबर कसं वापरायचं याची मार्गदर्शक तत्त्वं इंडियन रोड्स काँग्रेसनं आयआरसी एसपी ४६ मध्ये दिलेली आहेत.

फायबर कुठे कमी पडतं?

पहिलं म्हणजे ओतल्यानंतरचे पहिले काही तास. उन्हात, वाऱ्यात वरचं पाणी भराभर उडालं की ओल्या काँक्रीटवरच भेगा पडतात. तेव्हा काँक्रीटनं तारेला अजून धरलेलंच नसतं, त्यामुळे स्टील फायबरचा उपयोग कमी. तिथे प्लास्टिकचे अतिबारीक धागे जास्त कामाला येतात. आणि सगळ्यात जास्त कामाला येतं ते ओलं गोणपाट आणि वेळेवर मारलेलं पाणी. फायबर टाकलंय म्हणून क्युरिंग कमी केलं तर चालेल, हा सरळ सरळ गैरसमज आहे.

दुसरं, आग. उच्च ताकदीचं काँक्रीट इतकं दाट असतं की आगीत आतली वाफ बाहेर पडू शकत नाही आणि थरच्या थर फुटून उडतात. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्सला जोडणाऱ्या समुद्राखालच्या चॅनल टनेलमध्ये आग लागली, तेव्हा अस्तराचं काँक्रीट मोठ्या लांबीत असंच उडालं होतं. स्टीलच्या तारा वाफेला वाट करून देत नाहीत. त्यासाठी पॉलिप्रॉपिलीनचे धागे टाकतात. ते १६० ते १७० अंशांना वितळतात आणि त्यांच्या जागी वाफेसाठी बारीक नळ्या उरतात. म्हणून हल्ली बोगद्यांच्या अस्तरात बरेचदा दोन्ही टाकतात.

तिसरं, तारा सगळीकडे सारख्या पसरतीलच याची खात्री नसते. घाईघाईनं एकदम ओतल्या की त्यांचे सुगरणीच्या खोप्यासारखे गोळे होतात आणि मग काही भागात तारा जास्त तर काही भाग मोकळेच राहतात. यावर उपाय म्हणून काही कंपन्या तारा पाण्यात विरघळणाऱ्या गोंदानं चिकटवून पट्ट्या करून देतात, ड्रममध्ये फिरताना त्या सुट्या होतात. काँक्रीट ज्या दिशेनं वाहतं त्या दिशेनं तारा लोळतात, हेही लक्षात ठेवावं लागतं, कारण भेगेला समांतर पडलेली तार काही उपयोगाची नाही. शिवाय फायबरमुळे काँक्रीट आखडतं. साइटवरचा माणूस वैतागून त्यात पाणी ओततो, आणि ज्या ताकदीसाठी एवढा खर्च केला तीच घसरते. पाण्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर वाढवायला हवं, तेही मिक्स डिझाइन करणाऱ्याला विचारून.

पृष्ठभागावर आलेल्या तारांवर तांबूस डाग पडतात, ते बघून बरेच जण घाबरतात. ते डाग दिसायला वाईट, पण धोक्याचे नसतात. प्रत्येक तार सुटी असल्यानं गंज एकीकडून दुसरीकडे जात नाही आणि इतकी बारीक तार फुगून काँक्रीट फोडूही शकत नाही.

आणि चौथं, घरमालकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. "फायबर टाकतोय, सळई थोडी कमी करू," असं कुणी घराच्या बीम-कॉलम-स्लॅबबद्दल म्हणालं, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीशिवाय हो म्हणू नका. जमिनीवर टेकलेल्या फरशीत जाळी वाचवता येते, कारण तिला खालून आधार आहे. अधांतरी असलेल्या स्लॅबचं आणि भूकंपात डोलणाऱ्या कॉलमचं गणित वेगळं आहे. तिथे अर्धा टक्का तारा सळईची जागा घेऊ शकत नाहीत.

आता ठरल्याइतकं फायबर खरंच टाकलंय का, हे ओतून झाल्यावर कळायला मार्ग कठीण आहे. पण ओतण्याआधी अगदी सोपा आहे. गाडीतून उतरणारं १० लिटर ओलं काँक्रीट घ्यायचं, चाळणीवर पाण्यानं धुवायचं आणि लोहचुंबक फिरवून सगळ्या तारा गोळा करायच्या. सुकवून वजन करायचं. घनमीटरला ४० किलो ठरलं असेल तर काट्यावर ४०० ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. एकाच गाडीचं सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं काँक्रीट असं तीनदा केलं, तर तारा सारख्या मिसळल्यात की नाही तेही तिथल्या तिथे समजतं.